'जिमखाना' नेमका कुठला? जिम कुणाचा, खाना कुणाचा?

मुळामुठा
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, तोही एका शब्दावरून घरात पेटलेल्या भांडणामुळे.

आम्ही इंग्लंडात, सरे परगण्यातल्या एका खेड्यात राहतो. मागच्या आठवड्यात लेकीच्या दप्तरातून एक गुलाबी चिठ्ठी निघाली. शनिवारी गावच्या मैदानावर 'जिमखाना', सगळ्यांनी यावं. आता मी जन्मापासून जिमखान्यावर वाढलेली, म्हणजे पुण्यात, डेक्कनला. लेकीच्या हातात बॅडमिंटनची रॅकेट दिली, तिला पांढरे बूट घातले आणि नवऱ्याला ऐकवलं, बघ, इथेसुद्धा जिमखाना आहे म्हटलं.

मैदानावर पोचलो तर तट्टंच तट्टं! दहा-बारा वर्षांच्या पोरी, डोक्यावर मखमली टोप, एका हातात लगाम, दुसऱ्यात चमचा, चमच्यात अंडं. खांबांच्या रांगेतून नागमोडी पळवत न्यायचं. एक ढेरपोटं तट्टू शर्यत अर्ध्यावर सोडून निवांत चरायला लागलं, वरची पोरगी रडकुंडीला आलेली, आणि माझी लेक रॅकेट पाठीमागे लपवून माझ्याकडे अशी बघत होती की विचारू नका.

नवरा म्हणतो शब्द अस्सल इंग्रजी आहे, त्यातला 'जिम' ग्रीक. मी म्हणते, डोळे आहेत ना? दवाखाना, कारखाना, तोफखाना, जिमखाना. शेजारच्या आजींना तो वेल्श शब्द वाटायचा. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चिंचपोकळी_लोकल
सोप्पंय. आधी जिम, मग खाना. (हलके घ्या.)

आडवाटेचा
अर्धा तुम्ही बरोबर, अर्धे तुमचे यजमान. ग्रीक 'जिम्नोस' म्हणजे उघडा. तिथले पुरुष कपडे काढून कसरत करत, म्हणून जागेचं नाव जिम्नेशिअम. आपल्या तालमीत निदान लंगोट तरी असतो. 'खाना' फारसी. ग्रीक अधिक फारसी, संपला विषय.

नाना_सातारकर
आडवाटेचा, एवढ्यात संपवू नका. शब्द दिसतो तसा नाही.

माझ्याकडे 'हॉब्सन-जॉब्सन' आहे. अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश, यूल आणि बर्नेल या दोघांचा. पहिली आवृत्ती १८८६, मग विल्यम क्रूकने भर घालून १९०३ ला दुसरी. क्रूकने आपली भर चौकोनी कंसात टाकलीय, त्यामुळे कोण काय म्हणतोय ते कळतं. तर यूल म्हणतो की शब्द अलीकडचा आहे आणि मुद्दाम बनवलेला आहे. त्याला सापडलेला सर्वांत जुना वापर १८६१ चा, उत्तरेतल्या रुडकीचा. मेजर जॉन ट्रॉटर नावाच्या गृहस्थाच्या सांगण्यावरून. पण बनला मात्र मुंबई इलाख्यात असावा, असं त्याचं मत.

आणि मूळ शब्द? 'गेंदखाना'. साहेबलोक रॅकेट्स खेळायचे, चार भिंतींच्या आत चेंडू आपटायचा खेळ. त्या कोर्टाला नोकरचाकर हिंदुस्तानीत गेंदखाना म्हणत. साहेबाच्या कानाला 'गेंद' अनोळखी, 'जिम्नॅस्टिक्स' ओळखीचं. त्याने गेंद उचलून तिथे जिम बसवला. म्हणजे ताईंच्या यजमानांना जो ग्रीक दिसतो, तो मागाहून चढवलेला मुलामा आहे. खाली आपला गेंदच.

मुळामुठा
नाना, _/\_. नवऱ्याला स्क्रीनशॉट पाठवला. त्याचं उत्तर आलं: 'मुलामा का असेना, ग्रीक आहे ना?'

प्राजक्ता_क
थांबा थांबा. मी कॉलेजात भाषाशास्त्र शिकवते, म्हणून जरा खोडा घालते.

अर्थाच्या बाजूने गेंदखाना छान बसतो, पण ध्वनींचं काय? गेंदमधला 'ग' कठोर आहे. त्याचा 'ज' कसा झाला? 'म' कुठून आला? साहेब कानाने ऐकत होता म्हणता, तर कानाला 'गेंदखाना' आणि 'जिमखाना' यांत 'खाना' सोडून फारसं काही समान नाही.

याउलट 'जमातखाना' घ्या. 'ज' आहे, 'म' आहे, अर्थ लोक जमायची जागा. मुंबईत खोजा लोकांचे जमातखाने आहेतच, आणि नाना स्वतःच सांगतायत की शब्द मुंबई इलाख्यात बनला असावा.

नाना_सातारकर
प्राजक्ताताई, क्रूकने हे लिहून ठेवलंय. जमातखान्याची सूचना त्याच्यापर्यंत पोचली होती. चौकोनी कंसात एका वाक्यात त्याने ती निकालात काढलीय, संभवत नाही म्हणून. कारण दिलेलं नाही, हेही खरं.

प्राजक्ता_क
कारण न देता निकालात काढणं मला आमच्या विभागप्रमुखांची आठवण करून देतं.

चिंचपोकळी_लोकल
आमच्याकडे डोंगरीला जमातखाना आहे, लहानपणी रोज त्यावरून जायचो. तिथे प्रार्थना होते, समाजाच्या बैठका होतात. तिथला शब्द उचलून साहेब त्याला रॅकेट खेळायच्या जागेचं नाव कशाला करील? त्याला नाव पाहिजे असेल तर ते त्याच्या घोडेवाल्याकडून, चेंडू आणून देणाऱ्या पोऱ्याकडून येणार. आणि तो पोऱ्या 'गेंद'च म्हणणार.

(बघा, मीपण सिरीयस लिहू शकतो.)

आडवाटेचा
पण मुंबईतला पोऱ्या 'गेंद' कशाला म्हणेल? तो 'चेंडू' म्हणेल! मराठीत गेंद म्हणजे फुलांचा गेंद. मुंबईत बनला असता तर 'चेंडूखाना' व्हायला हवा होता. म्हणजे एक तर गेंद चूक, नाही तर मुंबई चूक.

रुडकी_रिटर्न
नाव बघून कळलंच असेल मी का आलोय.

चार वर्षं तिथे काढली, म्हणून रुडकीबद्दल सांगतो. १८६१ म्हणजे सत्तावन्नाच्या बंडानंतर चारच वर्षं. गंगा कालवा १८५४ ला सुरू झालेला, थॉमसन इंजिनिअरिंग कॉलेज जोरात, आणि बंगाल सॅपर्स अँड मायनर्सचं, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या पलटणीचं, ठाणं तिथेच. गावभर तरुण गोरे इंजिनिअर आणि लष्करी अधिकारी, संध्याकाळी करायला काही नाही. अशा ठिकाणी खेळांचा अड्डा निघणार नाही तर कुठे निघणार? सोलानी नदीवरून कालवा नेलाय, त्या पुलाच्या टोकांना दगडी सिंह बसलेत. आम्ही त्यांच्या पाठीवर बसून परीक्षेचा अभ्यास केलाय.

आणि यूल स्वतः बंगाल इंजिनिअर्समधला, कालव्यांच्या कामावर राबलेला. रुडकीची बातमी त्याच्या कानावर येणं साहजिकच होतं. त्याच्या ओळखीतले जुने लोक रुडकीचे, म्हणून त्याला रुडकीचा दाखला मिळाला. कुणी पुण्याच्या कॅम्पातल्या म्हाताऱ्या कर्नलला विचारलं असतं तर कदाचित १८५८ चा मिळाला असता. पहिला दाखला जिथला, तिथलाच जन्म असं थोडंच असतं!

'गेंद' मात्र रुडकीला एकदम सरळ आहे. तिथली बोलीच ती.

मुळामुठा
आडवाटेचा यांच्या चेंडूखान्यावर हसून हसून पुरेवाट. पण मुद्दा खरा आहे. मुंबई आणि गेंद एकत्र कसे नांदतील?

नाना_सातारकर
नांदतात. मुंबई इलाख्यातला साहेबसुद्धा नोकरांशी मराठी बोलत नव्हता, छावणीची भाषा मोडकीतोडकी हिंदुस्तानीच. पलटणी बदलायच्या, साहेब बदलायचे, खानसामे साहेबांबरोबर मुलुखभर फिरायचे. मीरतचा शब्द पुण्याच्या कॅम्पात यायला एक बदलीचा हुकूम पुरे. त्यामुळे मुंबईत गेंद ऐकू आला यात मला नवल वाटत नाही.

यूलच्याच कोशात 'खाना' या शब्दाची वेगळी नोंद आहे. तो म्हणतो, हिंदुस्थानात हे शेपूट वाटेल त्या शब्दाला लावतात. उदाहरणं दिलीत बावर्चीखाना, बग्गीखाना आणि चक्क बॉटलखाना! म्हणजे इंग्रजी शब्दाला खाना चिकटवणं तेव्हा रोजचंच होतं. जिमखाना त्या पंगतीत बसला तर त्यात विचित्र काही नाही.

प्राजक्ता_क
बॉटलखाना भारी आहे. पण मग माझा दुसरा प्रश्न. इंग्रजीत 'जिम' हे तुटकं रूप छापील मजकुरात सापडतं ते १८७१ च्या सुमारास. जिमखाना १८६१ चा. बाप मुलापेक्षा दहा वर्षांनी लहान?

आडवाटेचा
शाळेतली पोरं शब्द तोडतात आणि बोलत राहतात. छापणारे म्हातारे दहा-वीस वर्षांनी जागे होतात. आपण 'कॉलेज कट्टा' किती वर्षं बोलत होतो, पेपरात कधी आला?

प्राजक्ता_क
हे मान्य. बोली आधी, छापखाना नंतर. आणि खरं तर 'जिम' असा सुटा शब्द नसला तरी चालतं, 'जिम्नॅस्टिक्स' डोक्यात असलं म्हणजे झालं.

'ग'चा 'ज' कसा झाला यावर मला रात्री एक सुचलं, ते मांडते. हा माझा तर्क आहे, कुठे वाचलेलं नाही. गेंद रोमन लिपीत लिहा. पहिलं अक्षर आणि त्यापुढचा स्वर इंग्रजी डोळ्यांनी वाचला तर उच्चार 'जेंद' होतो, कारण त्यांच्याकडे 'जेंटलमन', 'जनरल', 'जेम' सगळे त्याच अक्षराने सुरू होतात. म्हणजे कानाने चूक झाली नसून डोळ्याने झाली असेल. कुणी तरी क्लबाच्या वहीत, नोटिशीत गेंदखाना रोमनमध्ये लिहिलं. बाहेरून आलेल्या नव्या अधिकाऱ्याने ते 'जेंदखाना' वाचलं. 'जें'पासून 'जिम्'पर्यंत एकच पाऊल, आणि तिथे जिम्नॅस्टिक्स वाटच बघत होतं.

चिंचपोकळी_लोकल
हिंदीत गेंदा, मराठीत झेंडू. ग चा झ झालाच की! क्यूईडी, सिद्ध झालं.

प्राजक्ता_क
लोकल, हा असला पुरावा परीक्षेत लिहिलात तर शून्य देईन. पण वहीत टिपून ठेवलाय.

नाना_सातारकर
ताई, डोळ्याच्या चुकीचा तर्क आवडला. एक शंका तेवढी. तेव्हा छावणीतले शब्द लिहिण्याआधी शंभर वेळा बोलले जायचे. पण नोटीस बोर्ड हीही छावणीतलीच गोष्ट, त्यामुळे नाही म्हणवत नाही.

अनोळखी शब्दाला ओळखीचा सदरा घालायची खोड दोन्हीकडे होती. गोरा पहारेकरी रात्री ओरडायचा, 'हू कम्स देअर?' आपल्या शिपायांनी त्याचा केला 'हुकुमदार'. अर्थही लागला, रुबाबही आला. रिक्रूटचा 'रंगरूट'. आणि उलट बाजूने, मोहरमच्या मिरवणुकीत 'या हसन, या हुसेन' म्हणत छाती बडवणाऱ्यांचा आवाज गोऱ्या सोजिरांच्या कानात 'हॉब्सन-जॉब्सन' होऊन बसला. हॉब्सन काय, जॉब्सन काय, दोन्ही तिकडची घरगुती आडनावं. यूलने कोशाला तेच नाव दिलं. जिमखाना त्याच टाकसाळीतलं नाणं आहे.

आडवाटेचा
अवांतर: आपण एका 'कंपाउंड' (म्हणजे जोड) शब्दाची चिरफाड करतोय. बंगल्याभोवतीचं कंपाउंड मात्र या कंपाउंडचं कुणी नाही. ते मलायी 'कांपुंग'वरून, म्हणजे वाडी, वस्ती. तेही साहेबाने ओळखीचा सदरा घालून घेतलेलं.

रुडकी_रिटर्न
हे वाचून उठून खिडकीतून कंपाउंड वॉलकडे बघितलं.

नैरोबीची_मावशी
उशिरा आले. आमच्या नैरोबीतही जिमखाना आहे, आणि क्रिकेटवाल्यांना तो नक्की आठवत असेल. १९९६ च्या ऑक्टोबरात शाहिद आफ्रिदीने श्रीलंकेविरुद्ध ३७ चेंडूंत शतक ठोकलं ते याच मैदानावर. दार-ए-सलामलाही जिमखाना क्लब आहे. लंडनच्या पश्चिमेला ऑस्टर्लीत 'इंडियन जिमखाना' आहे, १९१६ पासून. मुळामुठा ताई, तुम्ही रॅकेट घेऊन तिकडे जायला हवं होतं, अंड्याच्या शर्यतीला नाही. 😀

माझा प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडे जिमखाना म्हणजे जागा. इंग्लंडात तो दिवस कसा झाला? आणि तट्टं कुठून आली?

नाना_सातारकर
मावशी, हा फाटा हिंदुस्थानातच फुटलाय. यूलच्या नोंदीत दोन्ही अर्थ आहेत. एक म्हणजे छावणीतली खेळांची सार्वजनिक जागा, त्यात लॉन टेनिस आणि त्या काळात फॅशनीत असलेलं चाकांच्या बुटांचं स्केटिंग. दुसरा अर्थ अशा खेळांचा मेळावा. मेळाव्याचा अर्थ घेऊन शब्द माल्टापर्यंत पोचलाय असंही तो लिहितो. १८७७ च्या 'पायोनिअर मेल' या पेपरातला एक उताराही दिलाय. क्रिकेट क्लब आणि होऊ घातलेला जिमखाना क्लब यांनी एकत्र यावं, क्रिकेटला धक्का न लावता टेनिस, बॅडमिंटन आणि स्केटिंगची सोय करावी, असा काहीसा प्रस्ताव. वाचताना आमच्या सोसायटीची वार्षिक सभा आठवली.

तट्टांचं म्हणाल तर पलटणीत घोडे होतेच. मेळाव्यात गंमतीच्या शर्यती व्हायच्या, घोड्यावरून लिंबू-चमचा, घोड्यावरून गाठोडी उचलणं. रजेवर, पेन्शनीवर घरी गेलेल्या अधिकाऱ्यांनी ही करमणूक बरोबर नेली. जागा इथे राहिली, मेळावा तिकडे गेला. मग तिकडे मोठी माणसं बाजूला झाली आणि पोरांची तट्टं राहिली.

आणि आमच्या साताऱ्याचा एक दुवा. एडवर्ड हॅमिल्टन एटकन, 'ईएचए' या नावाने लिहायचा. जन्म साताऱ्याचा, १८५१. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. १८८३ मध्ये मुंबईकरांना चिमटा काढताना तो त्यांच्या क्लबांचा आणि जिमखान्यांचा उल्लेख करतो, आयुष्याची चाकं सुरळीत फिरावीत म्हणून केलेल्या सोयी अशा थाटात. यूलने तेही उद्धृत केलंय. तोवर 'बॉम्बे जिमखाना'ला आठ वर्षं झाली होती.

चिंचपोकळी_लोकल
बॉम्बे जिमखाना १८७५. आझाद मैदानाच्या टोकाला. आत फक्त गोरे. मैदानावर आपली माणसं क्रिकेट खेळायची आणि साहेब तिथेच पोलो खेळायचे. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टीची चाळण व्हायची. पारशांनी त्यावरून सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. शेवटी मरीन लाइन्सला समुद्राकाठी वेगळ्या जागा मिळाल्या, पारशी जिमखाना १८८५ चा, हिंदू जिमखाना १८९४ चा, शिवाय इस्लाम जिमखाना. आजही एका ओळीत उभे आहेत. लग्नाचे हॉल म्हणून जास्त ओळखतो आपण त्यांना.

गंमत म्हणजे हिंदुस्थानातली पहिली कसोटी याच बॉम्बे जिमखान्यावर झाली, डिसेंबर १९३३. समोर जार्डिनचा इंग्लंडचा संघ. लाला अमरनाथने ११८ केल्या. ज्या क्लबाचा तो सभासद होऊ शकत नव्हता, त्याच्या दारात.

म्हणजे बघा, गेंद काढून जिम बसवला तसं गेंदवाल्यांनाही बाहेर काढलं होतं.

मुळामुठा
लोकल, शेवटची ओळ फ्रेम करून लावतेय.

आडवाटेचा
जरा ताणलीय, पण चालेल.

रुडकी_रिटर्न
अर्थाचा आणखी एक फाटा. आयआयटींमध्ये 'स्टुडंट्स जिमखाना' म्हणजे विद्यार्थ्यांची निवडून आलेली कारभारी मंडळी. नाटक, वादविवाद, रोबोट, सगळं 'जिमखान्या'खाली येतं. आमचा जिमखान्याचा सेक्रेटरी आयुष्यात कधी पळालेला मी पाहिला नाही, मेसच्या रांगेत सोडून.

जपानात जिमखाना म्हणजे मोटारींचा खेळ. शंकू मांडायचे आणि त्यांच्यामधून गाडी गरागरा फिरवत न्यायची. केन ब्लॉक नावाचा अमेरिकन रॅलीवाला २००८ पासून याच नावाने व्हिडिओ टाकायचा, टायरमधून धूर काढत. म्हणजे तट्टू गेलं, मोटार आली, खांबांमधून नागमोडी जाणं तेवढं राहिलं. चेंडू कुठेच नाही.

प्राजक्ता_क
आणि मराठीने काय केलं बघा. आपण 'जिमखान्यावर' म्हणतो, 'जिमखान्याचा', 'जिमखान्यात'. दवाखान्यासारखाच सामान्यरूपात चालवतो. 'क्लब'ला आपण इतक्या सहज असं केलं नाही, 'क्लबात' म्हणताना अजूनही जीभ अडखळते. जिमखाना मात्र आल्या दिवसापासून घरचा. शेपूट ओळखीचं होतं ना. साहेबाने तोंड ओळखीचं करून घेतलं, आपण शेपूट.

पुण्यात तर तो पत्ताच होऊन बसला. डेक्कन जिमखाना संस्था १९०६ ची, पण 'आम्ही जिमखान्यावर राहतो' म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांनी तिथे कधी रॅकेट धरलेली नसते.

मुळामुठा
निम्म्यांनी नाही हं, पाऊण!

बरं, माझा कौल सांगते. रात्री धागा पुन्हा पहिल्यापासून वाचला. गेंदखानाच. जमातखान्याकडे 'ज' आणि 'म' आहेत हे कबूल, पण त्याच्याकडे खेळ नाही, आणि शब्द निघाला खेळातून. 'मुंबई की रुडकी' यात मी रुडकीकडे झुकते, नाना रागावू नका. यूलकडे मुंबईसाठी नुसतं 'असावा' आहे, रुडकीसाठी साल आणि माणूस आहे.

नाना_सातारकर
रागावत नाही. पण यूल बंगालचा माणूस. बंगालच्या माणसाने मुंबईला श्रेय दिलं, तर त्याच्या कानावर काही तरी आलं असणार. उगाच नाही कुणी दुसऱ्या इलाख्याचं कौतुक करत.

रुडकी_रिटर्न
नाना, आमच्या गावाला एवढं एक तरी राहू द्या.

नैरोबीची_मावशी
यावरून आठवलं. माझ्या वडिलांची कॉलेजची फीची पावती आईने जपून ठेवलीय. कोल्हापूरचं कॉलेज, साल पन्नासच्या आगेमागे. त्यावर हाताने लिहिलंय 'जिंखाना फी', रुपये तीन. म नाही, जि वर नुसता अनुस्वार. आम्ही भावंडं त्या कारकुनाला हसायचो, साधा शब्द लिहिता येत नाही म्हणून.

प्राजक्ता_क
मावशी!! त्याला हसू नका. अनुस्वारापुढे 'ख' आला की तो 'ङ' होतो. 'जिङ्खाना'. आणि गेंदखाना भरभर म्हणून बघा, 'द' गळतो, राहतं 'गेङ्खाना'. शंभर वर्षांनंतरच्या कारकुनाचा गेंदाशी काही संबंध नाही हे मला कळतंय, पण 'म' किती पातळ आहे ते त्याच्या कानाला कळलं होतं. पावतीचा फोटो टाकाल का?

नैरोबीची_मावशी
टाकते. पावती आईच्या पार्ले बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहे, डबा भावाकडे कोल्हापूरला, आणि भाऊ या वेळी जिमखान्यावर पत्ते खेळत असतो. नऊनंतर फोन करते.